नगर कोणाचे, पहारा कोणाचा? : ‘गुन्हेगार नगर’ हे कथन आणि राज्यसत्तेचा हस्तक्षेप

१

नगर आणि गुन्हा यांचे नाते आधुनिक साहित्याच्या अभ्यासकाला नवे नाही. एकोणिसाव्या शतकात कादंबरी, दैनिक वृत्तपत्र आणि पगारी पोलीस दल ही तिन्ही महानगराच्या आश्रयाने वाढली. अंधारी गल्ली, अनोळखी गर्दी, टोळ्यांचा अड्डा ही चित्रे तिघांनीही आपापल्या प्रयोजनाने रेखाटली. या चित्रांचा वाङ्मयीन अंगाने विचार पुष्कळ झालेला आहे. तथापि ‘हे नगर गुन्हेगारांच्या हाती गेले आहे’ या विधानाला साहित्याबाहेरही, विशेषतः कायद्याच्या क्षेत्रात, एक फलित असते. नगर स्वतःचा बंदोबस्त करण्यास असमर्थ आहे असे एकदा मान्य झाले, की त्याच्यावरील पोलिसी सत्ता नगराबाहेरच्या हाती सोपवणे क्रमप्राप्त वाटू लागते. या दृष्टीने पाहता ‘गुन्हेगार नगर’ हे वर्णन सत्तांतराची पूर्वपीठिका ठरते.

प्रस्तुत निबंधात अमेरिकेतील काही नगरांच्या इतिहासाच्या आधारे या वर्णनाचा विचार करावयाचा आहे. तेथे राज्य सरकारांनी नगरांचे पोलीस दल आपल्या ताब्यात घेण्याची परंपरा १८५७ पासून सुरू होते आणि ती आजही संपलेली नाही. अशा प्रत्येक प्रसंगी तीन प्रश्न विचारणे आवश्यक आहे. नगराचे हे वर्णन कोण करतो? पोलिसांची नेमणूक कोण करतो? आणि त्यांचा खर्च कोण सोसतो? या तीन प्रश्नांची उत्तरे एकाच ठिकाणी मिळत नाहीत, तेव्हा गुन्ह्याच्या कथनामागे दुसरे काही चालू असण्याचा संभव असतो. मात्र हे तीन प्रश्नही पुरेसे नाहीत, हे न्यू ऑर्लिन्सच्या उदाहरणावरून दिसेल.

२

न्यूयॉर्कने १८४५ साली जुनी रात्रपहाऱ्याची पद्धत मोडून लंडनच्या धर्तीवर दिवसरात्र काम करणारे पोलीस दल उभारले. लंडनचे दल १८२९ पासून थेट गृहमंत्र्यांच्या अधीन होते. न्यूयॉर्कने त्याची रचना घेतली, परंतु हे नियंत्रण घेतले नाही. तेथे शिपायांची निवड प्रभागातील नगरसेवकांच्या शिफारशीने होई. परिणामी शिपाई प्रभागातलाच, तेथील भाषा आणि माणसे ओळखणारा असे. त्याचबरोबर तो नगरसेवकाचा मिंधाही असे. १८५५ साली महापौर झालेले डेमोक्रॅट पक्षाचे फर्नांडो वुड यांनी हे दल आपल्या मुठीत आणले. १८५६ च्या निवडणुकीत त्यांनी पोलिसांना प्रचाराला जुंपले आणि त्यांच्याकडून निधी गोळा केला, हा आरोप केवळ विरोधकांच्या कल्पनेतला नव्हता. नगरात गुन्हे वाढले होते, दंगे होत होते आणि पोलीस भ्रष्ट होते, हे सर्व खरेच होते.

परंतु या खऱ्या गोष्टींवर उपाय करणारी सत्ता तटस्थ नव्हती. राज्याच्या विधिमंडळावर नव्याने उदयास आलेल्या रिपब्लिकन पक्षाचे वर्चस्व होते, आणि हा पक्ष मुख्यतः ग्रामीण व लहान नगरांतील प्रोटेस्टंट मतदारांवर उभा होता. न्यूयॉर्कमध्ये याउलट आयरिश आणि जर्मन स्थलांतरितांची संख्या झपाट्याने वाढत होती. १८५७ च्या वसंतात एकाच अधिवेशनात विधिमंडळाने नगराची सनद बदलली, वुड यांचा कार्यकाळ अर्ध्यावर आणला, दारूविक्रीच्या परवान्यांवर कडक निर्बंध घातले आणि १५ एप्रिल रोजी मेट्रोपॉलिटन पोलीस कायदा केला. हे चारही निर्णय एकत्र वाचले म्हणजे गुन्ह्याचा बंदोबस्त हा एका व्यापक कार्यक्रमाचा एक भाग होता हे लक्षात येते. आयरिश मजुराच्या दृष्टीने रविवारी गुत्ता बंद करणारा शिपाई आणि चोराला पकडणारा शिपाई एकच होता.

या कायद्याची भाषा विशेष लक्ष देण्याजोगी आहे. राज्याच्या १८४६ च्या घटनेनुसार नगराचे अधिकारी नगरातूनच निवडले जाणे किंवा नेमले जाणे आवश्यक होते. विधिमंडळाने त्यातून असा मार्ग काढला, की न्यूयॉर्क, किंग्ज, वेस्टचेस्टर आणि रिचमंड या चार काउंट्या मिळून ‘मेट्रोपॉलिटन पोलीस जिल्हा’ निर्माण केला. त्यावर गव्हर्नरने नेमलेले पाच आयुक्त बसवले. न्यूयॉर्क आणि ब्रुकलिनच्या महापौरांना पदसिद्ध सदस्यत्व दिले. ज्या नगरासाठी कायदा झाला ते नगरच एका नव्या शब्दामुळे कायद्याच्या दृष्टीने नाहीसे झाले. नगराचे अधिकारी कोणी नेमावेत हा प्रश्न उरला नाही. कारण हे अधिकारी नगराचे नव्हते, ‘जिल्ह्या’चे होते. दलाचा खर्च मात्र त्या जिल्ह्यातील लोकांवरच बसवला गेला.

वुड यांनी कायदा घटनाबाह्य ठरवून आपले म्युनिसिपल दल मोडण्यास नकार दिला. बहुसंख्य शिपाई त्यांच्याच बाजूला राहिले. काही आठवडे नगरात दोन पोलीस दले होती. एकाने पकडलेला माणूस दुसऱ्याने सोडवावा असे प्रसंग घडत होते. १६ जून १८५७ रोजी या विसंगतीने टोक गाठले. रस्ते आयुक्ताच्या जागेवर गव्हर्नरने डॅनियल कॉनोव्हर यांची नेमणूक केली होती, तर महापौरांनी चार्ल्स डेव्हलिन यांची. कॉनोव्हर नगरभवनात गेले असता महापौरांच्या पोलिसांनी त्यांना बाहेर काढले. त्यांनी वुड यांच्याविरुद्ध अटकेचे हुकूम मिळवले. ते बजावण्यासाठी नव्या दलातील कप्तान जॉर्ज वॉलिंग गेले आणि त्यांचीही तीच गत झाली. नंतर मेट्रोपॉलिटन शिपायांची एक तुकडी चालून गेली आणि नगरभवनाच्या पायऱ्यांवर दोन गणवेशांची हाणामारी झाली. अखेर त्या सुमारास तेथून जात असलेल्या सातव्या रेजिमेंटला थांबवण्यात आले आणि सैनिकांच्या धाकाने महापौरांनी अटक पत्करली. लवकरच ते जामिनावर सुटले.

२ जुलै रोजी राज्याच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने ‘जिल्ह्या’चा युक्तिवाद मान्य करून कायदा वैध ठरवला, आणि दुसऱ्या दिवशी वुड यांनी आपले दल विसर्जित केले. ४ जुलै उजाडला तेव्हा नगराचा पहारा नव्या, अपुऱ्या आणि अनेक वस्त्यांत अप्रिय असलेल्या दलाकडे होता. त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी फाइव्ह पॉइंट्स व बायर्ड स्ट्रीटच्या परिसरात दंगल उसळली. आयरिश वस्तीच्या रोषाचे पहिले लक्ष्य मेट्रोपॉलिटन शिपायी होते. त्यात सुमारे आठ माणसे ठार झाली. १२ जुलै रोजी जर्मन वस्तीत नव्या पोलिसांशी चकमक होऊन एक लोहार मारला गेला. गुन्हेगारी आवरण्यासाठी आलेल्या दलाचा पहिला उन्हाळा असा गेला.

३

या घटनेचे नंतरच्या लेखनात काय झाले हे साहित्याच्या अभ्यासकाला अधिक उद्बोधक वाटेल. वॉलिंग पुढे याच नगराच्या पोलीस दलाचे प्रमुख झाले आणि १८८७ साली त्यांनी आपल्या आठवणी प्रसिद्ध केल्या. त्यांचे निवेदन साहजिकच जिंकलेल्या बाजूचे आहे. १९२८ साली पत्रकार हर्बर्ट अ‍ॅस्बरी यांनी ‘द गँग्ज ऑफ न्यूयॉर्क’ हा ग्रंथ लिहिला. त्यात टोळ्या, त्यांची विलक्षण नावे आणि पराक्रम यांनी सर्व अवकाश व्यापला. १८५७ चा घटनात्मक वाद हे टोळ्यांच्या गोष्टीतले एक रंगतदार प्रकरण झाले. होर्हे लुईस बोर्खेस यांनी १९३५ च्या आपल्या ‘दुष्कीर्तीच्या इतिहासा’साठी अ‍ॅस्बरींमधून सामग्री घेतली आणि न्यूयॉर्कचा गुंड जागतिक साहित्यातला एक नमुना बनला. २००२ साली मार्टिन स्कॉर्सेसी यांच्या चित्रपटाने दोन पोलीस दलांचे भांडण थेट १८६० च्या दशकात नेऊन ठेवले, जेव्हा त्यांतील एक दल अस्तित्वातच नव्हते.

या प्रवासात एक गोष्ट प्रत्येक टप्प्यावर क्षीण होत गेली. पहारा कोणाच्या आज्ञेने चालावा हा प्रश्न मागे पडला आणि टोळ्यांची नावे पुढे आली. ‘डेड रॅबिट्स’ या ज्या टोळीच्या नावाने ४ जुलैची दंगल ओळखली जाते, त्या नावाची टोळी प्रत्यक्षात होती का, याविषयीच टायलर अँबिंडर यांनी २००१ साली प्रसिद्ध झालेल्या फाइव्ह पॉइंट्सच्या इतिहासात शंका उपस्थित केली आहे. ती शंका ग्राह्य धरली, तर वृत्तपत्रांनी रूढ केलेले एक नाव एका वस्तीला कायमचे चिकटले आणि तिची तक्रार मात्र नोंदीबाहेर राहिली, असे म्हणावे लागते. न्यूयॉर्कचे पोलीस १८७० च्या सनदेने पुन्हा नगराकडे आले. पण ‘गुन्हेगार नगरा’चे चित्र टिकून राहिले, ते परत घेणारी कोणतीही सनद नसते.

४

न्यूयॉर्कचा प्रयोग अन्य राज्यांनी लगेच उचलला. मात्र प्रत्येक ठिकाणी पक्ष आणि प्रयोजने बदलली. यावरून ही युक्ती कोणा एका विचारसरणीची मिरास नव्हती असे दिसते. १८५० च्या दशकात बाल्टिमोर नगर स्थलांतरितविरोधी ‘नो नथिंग’ पक्षाच्या ताब्यात होते. मतदानाच्या दिवशी त्यांच्या टोळ्या विरोधी मतदारांना चांभाराच्या आरीने भोसकत. येथे नगराची सत्ता आणि गुंड यांची खरोखरच हातमिळवणी होती. १८६० साली मेरीलँडच्या डेमोक्रॅट विधिमंडळाने पोलीस दल राज्याच्या मंडळाकडे दिले. परंतु याच कायद्यात एक चमत्कारिक कलम घातले गेले : कोणाही ‘ब्लॅक रिपब्लिकन’ माणसाला, किंवा ‘हेल्परच्या पुस्तका’ला पाठिंबा देणाऱ्याला, या दलात जागा मिळू नये. हे पुस्तक म्हणजे हिंटन हेल्पर यांचे १८५७ साली प्रसिद्ध झालेले गुलामगिरीविरोधी विवेचन. कोणते पुस्तक मानणारा माणूस शिपाई होऊ शकत नाही हे ठरवणारा पोलीस कायदा वाङ्मयाच्या इतिहासातही नोंदवला जावा इतका बोलका आहे. या कलमाविषयी न्यायालयाने भूमिका घेतली ती अशी, की त्यातील संज्ञा नेमकी कोणाला लागू होते हे न्यायालय म्हणून आपल्याला कळत नाही, सबब त्यावर मत देता येत नाही. रस्त्यावरच्या प्रत्येकाला ज्या शब्दाचा अर्थ ठाऊक होता तो न्यायासनाला दिसेनासा झाला आणि कायदा टिकला. बाल्टिमोरच्या महापौरांना पोलीस प्रमुख नेमण्याचा अधिकार १९७६ साली मिळाला. दल कायद्याने पूर्णपणे नगराकडे परतण्यास २०२४ पर्यंत वाट पाहावी लागली.

सेंट लुईसमध्ये मार्च १८६१ मध्ये मिसुरीचे गव्हर्नर क्लेबोर्न जॅक्सन यांच्या राजवटीने हेच केले. जॅक्सन दक्षिणेच्या बाजूचे होते आणि नगरातील जर्मन स्थलांतरित संघराज्याचे कट्टर समर्थक होते. यादवी युद्धाच्या तोंडावर नगरातील शस्त्रे आणि रस्ते कोणाच्या हाती राहणार हा खरा प्रश्न होता. युद्ध संपले, गुलामगिरी गेली, जॅक्सन यांची बाजू हरली. तरी त्यांनी उभे केलेले मंडळ १५२ वर्षे टिकले. बॉस्टनमध्ये १८८५ च्या जानेवारीत ह्यू ओब्रायन हे पहिले आयरिश कॅथलिक महापौर झाले आणि त्याच वर्षी मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळाने पोलीस दल आणि दारूचे परवाने गव्हर्नरने नेमलेल्या मंडळाकडे दिले. या व्यवस्थेचा परिणाम सप्टेंबर १९१९ च्या पोलीस संपात दिसला. अकराशेहून अधिक शिपाई कामावरून गेले. नगर लुटले जात असताना महापौर अँड्र्यू पीटर्स यांचा पोलीस आयुक्तावर अधिकार नव्हता, कारण आयुक्त गव्हर्नरचा होता. गव्हर्नर कॅल्व्हिन कूलिज यांची राष्ट्रीय कीर्ती याच प्रसंगातून झाली. बॉस्टनला आपला पोलीस आयुक्त नेमण्याचा अधिकार १९६२ साली परत मिळाला.

५

येथवरच्या विवेचनावरून कोणी असा निष्कर्ष काढील, की राज्याचा हस्तक्षेप म्हणजे नगराच्या स्वातंत्र्यावर आक्रमण, आणि नगराचे स्वातंत्र्य म्हणजे न्याय. न्यू ऑर्लिन्सचा इतिहास या सोप्या समीकरणाच्या आड येतो. ३० जुलै १८६६ रोजी त्या नगरात कृष्णवर्णीयांच्या मताधिकारासाठी भरलेल्या परिषदेवर गोऱ्या जमावाने हल्ला केला. तीसहून अधिक माणसे मारली गेली. त्यांत बहुसंख्य कृष्णवर्णीय होते. मारणाऱ्यांत नगराचे पोलीस होते. नगराचे पोलीस नगराच्याच हाती होते आणि म्हणूनच ही कत्तल शक्य झाली.

१८६८ साली लुईझियानाच्या पुनर्रचनाकालीन विधिमंडळाने मेट्रोपॉलिटन पोलीस दल स्थापले. नाव न्यूयॉर्कचे, पद्धतही तीच : अनेक परगण्यांचा जिल्हा आणि गव्हर्नरच्या अधीन मंडळ. परंतु या दलात कृष्णवर्णीय शिपाई आणि अधिकारी होते आणि मुक्त झालेल्या माणसांच्या मताचे रक्षण हे त्याचे काम होते. गोऱ्या नगरवासीयांनी त्याला परक्यांची जुलमी फौज ठरवले. १४ सप्टेंबर १८७४ रोजी व्हाइट लीगच्या सशस्त्र जमावाने या दलाचा पराभव करून तीन दिवस राज्याची सत्ता बळकावली. संघराज्याचे सैन्य आले तेव्हा ते हटले. १८७७ साली सैन्य परत गेले आणि दलही गेले. व्हाइट लीगच्या स्मरणार्थ १८९१ साली नगरात स्तंभ उभारण्यात आला आणि १९३२ साली त्यावर गोऱ्यांच्या वर्चस्वाचा उघड गौरव करणारा लेख कोरण्यात आला. तो स्तंभ २०१७ साली हलवण्यात आला. ‘स्थानिक स्वातंत्र्य’ हा शब्दही एक कथन असू शकतो आणि ते दगडावर कोरले जाऊ शकते, हे या स्तंभाने शंभरहून अधिक वर्षे सांगितले. म्हणून आरंभीच्या तीन प्रश्नांना चौथा जोडावा लागतो : हा पहारा कोणाचे रक्षण करतो?

६

मराठीच्या अभ्यासकाला या चर्चेत मुंबईचे स्मरण होणे स्वाभाविक आहे, आणि ते केवळ उपमेपुरते नाही. कलकत्ता, मद्रास आणि मुंबई या नगरांच्या पोलिसांसाठी १८५६ चा कायदा झाला तो न्यूयॉर्कच्या कायद्याच्या केवळ एक वर्ष आधी, आणि लंडनच्या पोलिसांचा आदर्श दोन्हीकडे समोर होता. न्यूयॉर्कमध्ये दोन दले झुंजत होती त्याच १८५७ साली मुंबईचे पोलीस चार्ल्स फोर्जेट यांच्या हाती होते. स्थानिक भाषा अस्खलित बोलणारा आणि वेषांतर करून वस्तीत फिरणारा हा अधिकारी नगराला आतून ओळखत होता. परंतु तो उत्तरदायी होता तो सरकारला. १८६४ साली फ्रँक सूटर मुंबईचे पहिले पोलीस आयुक्त झाले. करदात्यांनी निवडलेले सभासद महापालिकेत आले ते १८७२ च्या कायद्याने. म्हणजे न्यूयॉर्कमध्ये मतदारांकडून पोलीस काढून घ्यावे लागले, तर मुंबईत मतदार आले तेव्हा पोलीस आधीच त्यांच्या आवाक्याबाहेर होते. त्यामुळे नगरभवनाच्या पायऱ्यांवरचा संघर्ष येथे घडण्याचा प्रश्नच नव्हता. संघर्ष झाला तो हिशेबाच्या वहीत. ज्या दलावर आपला अधिकार नाही त्याचा खर्च महापालिकेने का द्यावा, हा वाद दीर्घकाळ चालला. १९०७ साली तो मिटला तो अशा वाटणीने, की पोलिसांचा खर्च सरकारने उचलावा आणि प्राथमिक शिक्षणाचा व वैद्यकीय मदतीचा भार महापालिकेने घ्यावा. नगराने शाळा घेतल्या आणि पहारा सोडला, हा व्यवहार मुंबईच्या नागर संस्कृतीच्या इतिहासात अधिक विचार करण्याजोगा आहे. स्वातंत्र्योत्तर काळातही सुव्यवस्थेचा विषय राज्य सरकारकडेच राहिला. आणि दिल्लीत तर १९९१ च्या घटनादुरुस्तीने विधानसभा दिली, तरी पोलीस तिच्या कक्षेबाहेर ठेवले.

लेखनाच्या पातळीवरही ही दोन टोके दिसतात. गोविंद नारायण माडगावकर यांनी १८६३ साली ‘मुंबईचे वर्णन’ लिहिले ते नगराचा रहिवासी म्हणून. एस. एम. एडवर्ड्स यांनी १९२३ साली मुंबईच्या पोलिसांचा इतिहास लिहिला तो या दलाचा माजी आयुक्त म्हणून. पहिल्यात नगर हा विषय आहे, दुसऱ्यात नगर हे कार्यक्षेत्र आहे. पुढे भाऊ पाध्ये यांच्या ‘वासूनाका’ने १९६५ साली नाक्यावरच्या पोरांना त्यांच्याच भाषेत बोलू दिले, तेव्हा मराठीत उठलेले वादळ अश्लीलतेच्या नावाने उठले. ज्यांच्याविषयी बोलले जाते त्यांनीच बोलायला आरंभ केला की वर्णनाची सत्ता डळमळते, हे त्यामागचे एक कारण असावे.

७

हा इतिहास भूतकाळात जमा झालेला नाही. मिसुरीतील मतदारांनी २०१२ साली कौल दिल्यावर सेंट लुईसचे पोलीस १ सप्टेंबर २०१३ पासून नगराकडे आले. मार्च २०२५ मध्ये राज्याने कायदा करून ते पुन्हा गव्हर्नरच्या मंडळाकडे नेले. कारण दिले गेले ते गुन्हेगारीचे. २०२० साली त्या नगरात २६३ खून झाले होते ही गोष्ट खरी. आणि २०२४ साली ती संख्या १५० वर आली होती हीही गोष्ट खरी. कॅन्सस सिटीचे दल १९३९ पासून राज्याच्या मंडळाकडे आहे, आणि नगराच्या महसुलाचा किमान किती भाग त्याला मिळावा हेही नगराबाहेर ठरते. मिसिसिपीच्या विधिमंडळाने २०२३ साली जॅक्सन नगरात राज्याच्या कॅपिटॉल पोलिसांचे कार्यक्षेत्र वाढवले आणि लोकांनी न निवडलेल्या न्यायाधीशांचे न्यायालय निर्माण केले. या नगराची ऐंशी टक्क्यांहून अधिक लोकसंख्या कृष्णवर्णीय आहे, तर विधिमंडळात गोऱ्यांचे बहुमत आहे. तेथे पुन्हा ‘जिल्हा’ हाच शब्द वापरला गेला, हा योगायोग मानता येत नाही.

या नगरांत गुन्हा नाही असे कोणी म्हणत नाही. ज्या वस्तीत रोज गोळ्या झाडल्या जातात तेथील आईला पोलीस कोणाचा यापेक्षा तो वेळेवर येतो का हे महत्त्वाचे वाटते, आणि तिचे हे म्हणणे कोणत्याही सिद्धान्ताने खोडता येणार नाही. परंतु नेमका तिचाच आवाज या कथनांत आढळत नाही. १८५७ च्या फाइव्ह पॉइंट्समध्ये तो टोळीच्या नावाखाली दडपला गेला, १८६६ च्या न्यू ऑर्लिन्समध्ये नगराच्या नावाखाली. नगराच्या गुन्ह्याविषयीची संहिता वाचताना, मग ती कादंबरी असो, पोलीस अधिकाऱ्याच्या आठवणी असोत वा कायद्याचे कलम असो, तिच्यात कोण बोलत आहे याबरोबरच कोणाला बोलू दिलेले नाही हे पाहणे, हे तुलनात्मक अभ्यासाचे काम आहे. पहारा कोणाचा या प्रश्नाचे उत्तर कायदा देतो. तो पहारा कोणासाठी, याचे उत्तर त्या न उमटलेल्या आवाजांतच शोधावे लागते.